पेन्सिलीआधी माती, कागद आणि दोरा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पावणेचार वर्षांची आहे, कोल्हापूरच्या राजारामपुरीत बालवाडीच्या लहान गटात जाते. शाळेतून रोज उभ्या-आडव्या रेघांचं एक पान घरी येतं. चार ओळी झाल्या की ती ‘हात दुखतोय’ म्हणून पेन्सिल टाकते. आईनं हस्तकलेचं एक किट आणलं, पण ते शेवटी आईलाच पूर्ण करावं लागलं. घरी हाताचं कोणतं काम द्यावं, कशानं आणि किती वेळ?

ताई, ‘हात दुखतोय’ हे तिचं म्हणणं खरं धरा. जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करत कडक हाडात बदलतात आणि शेवटच्या हाडाची पाळी यायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. तळहातातले बारीक स्नायूही या वयात लवकर थकतात. एक रेघ नीट ओढायला खांदा आणि कोपर स्थिर राहावे लागतात, मनगट किंचित मागे झुकावं लागतं, अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलावी लागतात, करंगळीकडची दोन बोटं मिटून आधार देत राहावी लागतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं कागद धरून ठेवावा लागतो. यातलं एक जरी जमत नसेल तरी मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि सगळा जोर तिथेच लावतं. मग हात दुखतो.

रेघांचं वयही लक्षात घ्या. सर्वसाधारणपणे मुलं उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, गोल तीनच्या आसपास आणि अधिकचं चिन्ह चारच्या सुमाराला बघून काढतात. चौकोन साडेचारकडे येतो, तिरकी रेघ आणि त्रिकोण पाचच्या आसपास. आपल्या देवनागरीत तिरक्या रेघा, गाठी आणि अर्धगोल ठासून भरलेले आहेत. पावणेचारला अक्षराची घाई करण्यात काही हशील नाही. त्या एका पानावर जाणारा वेळ हाताच्या कामाला द्या.

किट का फसलं? त्यात सगळं आधीच कापून ठेवलेलं असतं आणि मुलाला फक्त चिकटवायचं उरतं. चित्रातल्यासारखं दिसावं म्हणून तेही मोठ्यांचा हात सरळ करतो. काम निवडताना एकच बघा: यात तिचा हात कोणती हालचाल करणार आहे? दाबणं, मळणं, चिमटणं, फाडणं, कातरणं, ओवणं, वळणं, यातलं एक तरी क्रियापद तिच्या वाट्याला भरपूर आलं पाहिजे. तयार वस्तू कशी दिसते याला या वयात काही महत्त्व नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा खेळाची साधनं आजूबाजूच्या बिया, पानं, शिंपले आणि मातीतून उभी केली. कोल्हापुरात तर असा माल दारातच आहे.

सुरुवात मातीपासून करा. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारांकडे बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी बैलांसाठी आणि पुढे गणपतीसाठी माती तयार असते. रंग न मिसळलेली, चाळलेली माती मागा. दोन किलो पुष्कळ झाली. शाडू पांढरट आणि गुळगुळीत असतो, पण कमी ताणला जातो आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. लहान हाताला साधी चिकणमाती बरी, ती ओढली तरी तुटत नाही. कोरडी माती घमेल्यात पसरून पाणी शिंपडा, ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी मळा. ओतून पाणी घातलं की वर चिखल आणि आत कोरडे खडे राहतात.

ओलावा बरोबर आहे का हे बघायला करंगळीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरा पडल्या तर माती कोरडी आहे, हात ओला करून पुन्हा मळा. बोटाला चिकटली तर जास्त ओली आहे, जुन्या सुती कापडावर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा. बहुतेक घरांत मुलं माती ‘आवडत नाही’ म्हणून सोडतात, आणि कारण हाच ओलावा असतो. कोरडी माती तिच्या बोटांना दाबत नाही, ओली हाताला लडबडते.

गोळा किती मोठा द्यायचा हे काम कोणतं यावर ठरवा. अर्धा किलोचा गोळा पाटावर ठेवून तिला उभं राहून दोन्ही तळव्यांनी मळू दिलं तर खांदा आणि दंड काम करतात. मोसंब्याएवढा, साधारण पाव किलोचा गोळा दिला तर तळहात आणि बोटं. लिंबाएवढा दिला तर फक्त बोटांची टोकं. एका बैठकीत मोठ्याकडून लहानाकडे जा. आधी थापटणं, मग गोळा, मग वळी. वळी करताना दोन्ही हात एका वेगानं पुढे-मागे जावे लागतात. एका बाजूला बारीक आणि दुसरीकडे जाड झाली तर जोर एकाच हाताचा जातोय हे तिथेच दिसतं. त्यानंतर पणती: गोळ्यात अंगठा खुपसायचा आणि बाहेरून दोन बोटांनी चिमटत गोल फिरायचं. अंगठा आणि बोटं समोरासमोर येण्याचा यापेक्षा चांगला सराव मला तरी माहीत नाही. पणतीची भिंत तिच्या करंगळीएवढी जाड राहू द्या. पातळ करायचा आग्रह धरला की ती फाटते आणि मूल हिरमुसतं.

चार वर्षांच्या पुढे बैल. मुलं आधी धड करतात, मग चार वळ्या पायांच्या जागी टेकवतात, आणि वाळल्यावर चारही पाय गळून पडतात. कारण टेकवलेल्या दोन पृष्ठभागांत माती एकजीव झालेली नसते आणि वाळताना दोन्ही तुकडे वेगवेगळे आक्रसतात. म्हणून पाय चिकटवायचेच नाहीत, गोळ्यातून ओढून काढायचे. गोळा लांबट करा, खालच्या बाजूला चार ठिकाणी तीन बोटांनी चिमटून खाली ओढा, पाठीवर एक चिमटा काढून वशिंड, पुढे दोन चिमटे काढून शिंगं. सगळा बैल चिमटीतच होतो, आणि पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. काही जोडायचंच असेल तर दोन्ही बाजू काडीनं खरवडा, मातीची पातळ राबडी लावा, दाबून धरा आणि सांध्यावरून बोट फिरवून रेघ बुजवा. वाळवायचं सावलीत, तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडा. उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि चीर जाते. दोन इंचांपेक्षा जाड गोळा सावलीतही तडकतो. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधून ठेवा. कुबट वास आला तर पूर्ण वाळवा, फोडा आणि पुन्हा भिजवा.

भर पावसाळ्यात माती नको वाटली तर मैद्याचा गोळा करा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, मोठा चमचाभर तेल आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा, मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळा, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की उतरवा. कोमट झाल्यावर नीट मळा. शिजवल्यानं तो मऊ राहतो आणि कच्च्या कणकेसारखा ताणून मागे येत नाही. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत मीठ पाणी ओढतं, म्हणून गोळा चिकट होतो. घट्ट झाकणाचा डबा वापरा, चिकटलाच तर चमचाभर मैदा लावून मळा, आणि दोन-तीन आठवड्यांनी टाकून द्या. यात मीठ भरपूर आहे. वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान भावंडाच्या किंवा घरच्या कुत्र्याच्या हाती हा गोळा लागू देऊ नका, एवढं मीठ पोटात गेलं तर अपाय होतो. ते टाळायचं असेल तर पोळ्यांच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा द्या आणि दिवस संपला की फेकून द्या.

आता कागद. आधी फाडणं, कातरणं नंतर. घरी येणारा ‘पुढारी’ किंवा कुठलंही वर्तमानपत्र घ्या. ते वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वाकडंतिकडं फाटतं, कारण कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेनं बसलेले असतात. पहिले दोन आठवडे उभंच फाडायला द्या, आडवं दिलं तर तिची चूक नसताना पट्टी तुटत राहील. वरच्या कडेला दोन सेंटिमीटरचा काप तुम्ही द्या. दोन्ही हातांचे अंगठे त्या कापाच्या दोन बाजूंना समोरासमोर यायला हवेत. एक हात अंगाकडे, दुसरा अंगापासून दूर, थोडं थोडं. मूल दोन्ही टोकं धरून हिसका देतं तेव्हा बोटांना काहीच काम होत नाही, सगळं कोपरातून होतं. ‘चिमटीत धर, चिमटीएवढंच फाड’ एवढी सूचना पुरते.

पट्ट्यांचे पाच सेंटिमीटरचे तुकडे करून एकाच हातात, टेबलाचा किंवा पोटाचा आधार न घेता, चुरगाळून गोळी करायला सांगा. दिसायला क्षुल्लक आहे, पण तळहाताचा खोलगट आकार यानंच तयार होतो. दोन्ही हातांनी आळीपाळीनं प्रत्येकी दहा गोळ्या. मग वीतभर आकाराचं एक आंब्याचं किंवा माशाचं चित्र जाड रेघेनं काढून द्या आणि आतली जागा गोळ्यांनी भरू द्या. शाई हाताला लागते, तेव्हा खाण्याआधी हात धुवायला लावा.

चिकटवायला खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, पाऊण वाटी उकळत्या पाण्यात ओता, दोन-तीन मिनिटं ढवळा. पारदर्शक झाली की तयार. जुन्या पद्धतीत ती टिकावी म्हणून मोरचूद घालायचे. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात घालू नका, ते विषारी आहे. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते तेवढी पुरे. खळ तर्जनीनं लावायची. काही मुलांना चिकट स्पर्श सहन होत नाही, हात झटकतात. अशा वेळी शेजारी ओलं फडकं ठेवा आणि पहिले काही दिवस ब्रश द्या. जबरदस्तीनं बोट बुडवलं तर ते मूल पुढे कणीक आणि मातीलाही हात लावत नाही.

कात्रीबद्दल पालकांना सगळ्यात जास्त धास्ती असते. कात्री दिली नाही तर मात्र मोठा तोटा होतो, कारण मूठ उघडणं-मिटणं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं कागद पुढे सरकवणं हे इतर कुठल्या खेळात इतक्या नेमकेपणानं येत नाही. गोल टोकाची, धातूच्या पात्याची, बारा-तेरा सेंटिमीटर लांबीची कात्री घ्या. पूर्ण प्लॅस्टिकची ‘सुरक्षित’ कात्री घेऊ नका. ती कापत नाही, मग मूल पाती आडवी दाबायला शिकतं आणि ती सवय मोडायला महिने जातात.

पहिला कागद कोणता? घरात पडलेल्या लग्नपत्रिका! त्यांच्या दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या तुम्ही कापा. तिनं एकदाच कात्री मिटली की तुकडा खाली पडला पाहिजे. इथे वर्तमानपत्र चालत नाही: पातळ कागद दोन पात्यांमध्ये दुमडतो आणि ‘कात्री वाईट’ असं ती ठरवते. असे तीस-चाळीस तुकडे झाले की रुंदी चार सेंटिमीटर करा, म्हणजे दोन-तीनदा उघडमीट करावी लागेल. मग पट्टीवर स्केचपेननं अर्धा सेंटिमीटर जाड सरळ रेघ. ही रेघ धरून कापणं चारच्या आसपास येतं, गोल चार ते पाचमध्ये, कोपरे असलेला चौकोन त्यानंतर.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, अंगठा खाली वळतो आणि कोपर बाहेर उडतं. अंगठ्याच्या नखावर टिकली लावा आणि ‘टिकली आभाळाकडे’ म्हणा. काखेत रुमालाची घडी धरायला द्या, कोपर उडालं की घडी पडते आणि तिलाच कळतं. दुसरं, गोल कापताना कात्रीच फिरते. कात्री पुढे तोंड करून जागेवर ठेवायची आणि कागद फिरवायचा. उजव्या हातानं कापणाऱ्या मुलीनं गोल घड्याळाच्या उलट्या दिशेनं कापायचा, म्हणजे डाव्या हातातला कागद घड्याळाच्या दिशेनं वळतो आणि रेघ पात्याआड जात नाही.

मूल डावखुरं असेल तर उजव्या हाताची कात्री त्याला खरोखरच अडवते. वरचं पातं रेघ झाकतं, आणि डाव्या हाताचा दाब दोन्ही पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मग कागद चुरगळतो. डाव्या हाताची कात्री दुकानात सहज मिळत नाही, ऑनलाइन मागवा. हात बदलायला लावू नका.

ओवणं तुलनेनं सोपं, पण क्रम चुकतो. लवचिक दोरा पहिल्याच दिवशी दिला की टोक वाकतं आणि खेळ संपतो. आधी कडक काडी: खराट्याचा जाड हीर दोन्ही टोकं बोथट करून मातीच्या गोळ्यात उभा करा आणि त्यावर मोठ्या भोकाचे मणी, भोक पाडलेली बाटलीची झाकणं किंवा जाड नळीचे तुकडे चढवायला द्या. ते जमलं की बुटाची नाडी, कारण तिचं टोक कडक असतं. मग सुतळी, तिच्या टोकाला तीन सेंटिमीटर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून. दुसऱ्या टोकाला मोठं बटण बांधा, नाहीतर ओवलेलं सगळं सरकून खाली पडतं. खरं कौशल्य दोरा एका हातातून दुसऱ्या हातात घेण्यात आहे: एका हातानं ढकलायचा, भोकातून टोक दिसलं की दुसऱ्यानं पकडायचं, आणि पहिला हात सोडायचा. बरीच मुलं सोडायलाच विसरतात. ‘ढकल, पकड, सोड, ओढ’ असं तालात म्हणत राहा.

इथेच गणित शिरतं. दोन लाल एक पिवळा, दोन लाल एक पिवळा असं तुम्ही चार वेळा ओवा आणि पुढे काय येईल ते तिला ठरवू द्या. आकडे म्हणायची गरज नाही, आकृतिबंध ओळखणं हेच या वयाचं गणित. दसऱ्याला झेंडूचं तोरण करता तेव्हा पाचच्या पुढच्या मुलाला बोथट दाभणानं फुलं ओवता येतात. फूल देठाकडून मधोमध टोचायचं. पाकळ्यांतून टोचलं की माळ लोंबते आणि फुलं सुटतात.

शिरोळ-हातकणंगल्याकडे कुणी नातलग असतील तर शाळू (रब्बी ज्वारी) काढल्यावर चार-पाच ताटं, म्हणजे धाटं, मागवा. त्याच्या भेंडाच्या, म्हणजे आतल्या मऊ गाभ्याच्या बैलगाड्या मागच्या पिढीतल्या मुलांनी भरपूर केल्या, आणि हाताच्या दृष्टीनं हा खेळ आजही तोडीस तोड आहे. ताटाचं सालपट पात्यासारखं कापतं, ते मोठ्यांनीच सोलायचं आणि लगेच उचलून टाकायचं. आतल्या पांढऱ्या भेंडाचे चार सेंटिमीटरचे सहा तुकडे आणि एक सेंटिमीटर जाडीच्या चार चकत्या करून द्या. जोडायला हिराचे तुकडे. काडी भेंडात खुपसताना जोर कमी पडला तर ती आत जात नाही, जास्त लावला तर आरपार जाते. किती जोर लावायचा हे हात इथे स्वतः मोजतो, आणि पुढे पेन्सिलीचा दाबही असाच मोजायचा असतो. फार वाळलेलं भेंड चिरतं, म्हणून ताट सोलल्यावर फार दिवस ठेवू नका. उसाचा पाला मात्र या खेळांत आणू नका, त्याच्या कडेनं बोट कापतं.

रांगोळी चार वर्षांपासून. बाजारातली दगडाची पूड बारीक असते, खाली वाकलेल्या मुलाच्या नाकात जाते. तांदळाची जाडसर पिठी किंवा बारीक रवा वापरा. पाटावर ओल्या खडूनं पाच सेंटिमीटर अंतरावर दोन-दोनचे चार ठिपके काढा, चिमटीत पिठी घेऊन ठिपक्यावर ठिपका सोडायचा. पहिल्या आठवड्यात तेवढंच. पुढे दोन ठिपके जोडणारी रेघ, ती तुटक आली तरी चालेल. पिठी मुठीतून ओतली जात असेल तर वाटीत चमचाभरच ठेवा, कमी मालाला मुलं आपोआप चिमूट लावतात. तीन-तीन ठिपक्यांवर गेलात की ओळ, रांग, मधला, कोपऱ्यातला असे शब्द कामातूनच येतात.

घडी घालणं रुमालापासून सुरू करा. कागदाची होडी पाच-साडेपाचपर्यंत थांबू शकते. मुलं मधूनच घडी दाबतात आणि कडा जुळत नाहीत. दोन कोपऱ्यांना एकाच रंगाच्या टिकल्या लावा, टिकलीवर टिकली बसली की मगच मधोमध बोट फिरवायचं.

बसायचं कसं हे कामाइतकंच महत्त्वाचं. पाय लोंबकळत असतील तर खांदा स्थिर राहत नाही. जमिनीवर मांडी घालून समोर बुटका चौरंग, कोपर सहज टेकेल एवढ्या उंचीचा, हे उत्तम. चित्र काढायचं असेल तर कागद दारावर तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे झुकतं. रंगखडू मोडून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या, एवढा लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही. पूर्ण लांबीचे खडू आणि जाडजूड मार्कर तेवढ्यासाठी काही दिवस कपाटात ठेवा.

वेळ पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून एकदा. ती स्वतःहून अर्धा तास रमली तर उठवू नका, आठ मिनिटांत उठली तर ओढून बसवू नका. एका दिवशी एकच काम. आठवड्यातून दोन दिवस माती किंवा कणीक, दोन दिवस कागद आणि कात्री, एक दिवस ओवणं, उरलेले दिवस स्वयंपाकघर: वाटाण्याच्या शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणीक मळणं. मंडईतून आणलेली किलोभर वाटाण्याची शेंग शंभर-दोनशेच्या खेळण्यापेक्षा जास्त काम देते. काम चालू असताना ‘हे काय केलंस?’ विचारू नका, तिलाही अजून ठाऊक नसतं. ती करतेय ते शब्दांत सांगा: ‘कड दाबलीस, आता पातळ झाली.’ मळणं, लाटणं, वळणं, चिरणं, खरवडणं, गुंडाळणं हे शब्द हातासोबत कानावर पडले की पक्के बसतात. आणि तिची वाकडी पणती तुम्ही सरळ करू नका. हात शिवशिवत असतील तर स्वतःसाठी वेगळा गोळा घ्या.

काही गोष्टी मात्र घरात ठेवूच नका. तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चार सेंटिमीटरपेक्षा लहान मणी, बटणं, शेंगदाणे, राजमा त्याच्या हाताला लागता कामा नयेत. कडधान्याचा दाणा नाकात गेला तर ओलाव्यानं फुगतो, घरी चिमट्यानं काढायला जाल तर आत ढकलला जाईल, थेट डॉक्टरकडे न्या. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत, एरंडाच्या बियाही नकोत. दोन्ही विषारी आहेत. खेळण्यांतल्या नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं गिळली गेली तर आतड्याला भोक पडू शकतं. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात रुतवून ठसे घ्यायची हौस करू नका, ते घट्ट होताना तापतं आणि भाजतं. चमकी डोळ्यात जाते. माळ ओवून झाली की गळ्यात घालून झोपू देऊ नका.

शाळेच्या पानाचं काय? बाईंशी मोकळेपणानं बोला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यातली पहिली वर्षं खेळातून शिकण्याची मानली आहेत, तेव्हा तुमची मागणी जगावेगळी नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. अनुभवातून, आनंदानं शिकणं इथल्या पालकांना आणि शिक्षकांना नवीन नाही. पानावर चार ओळींऐवजी चार रेघा चालतील का, त्या बोटानं पिठात काढून फोटो पाठवला तर चालेल का, असं नेमकं विचारा. ‘जास्त होतंय’ एवढंच सांगितलं तर तो आईचा लाड समजला जातो. तिनं कापलेल्या पट्ट्या आणि वाळलेली पणती सोबत घेऊन जा, बोलणं सोपं होतं.

दोन-तीन महिने असं रोज काम देऊनही फरक दिसला नाही तर मात्र वाट बघत बसू नका. चार वर्षांची होऊनही दोन हात एकत्र वापरत नसेल, एक हात सतत मिटलेला किंवा मागे राहत असेल, वस्तू पकडताना हात थरथरत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांसाठी हाताच्या हालचालींचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवतील. मूल अंगणवाडीत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी स्वतः हजर राहून हे सांगा. जाताना तिच्या कामाचे दोन छोटे व्हिडिओ न्या, एक कातरतानाचा आणि एक ओवतानाचा. दोन्हीत चेहरा नको, हात आणि कोपर दिसायला हवेत.